धडधड थांबायच्या आत ईसीजी काढा: हृदय वेगानं पळू लागलं तर काय करायचं

छातीत धडधडतं म्हणून आलेल्या माणसाचा ईसीजी बहुतेक वेळा नॉर्मल निघतो. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत धडधड थांबलेली असते, हे त्याचं साधं कारण. मग कागदाकडे बघून 'काही नाही, गॅस आहे' असं सांगितलं जातं, पित्ताची गोळी मिळते. रुग्ण बाई असेल तर 'टेन्शन घेऊ नका' हेही वर ऐकावं लागतं. सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या, घर आणि कारखाना दोन्ही ओढणाऱ्या बायका असली धडधड वर्षानुवर्षं अंगावर काढतात. त्यांतल्या काहींना जो आजार असतो तो गोळ्यांशिवाय, एका प्रक्रियेत कायमचा बरा होण्यासारखा असतो. पण धडधड चालू असतानाचा कागद हातात नसतो, आणि तिथंच गाडी अडते.

त्यामुळे या लेखात एक हट्ट पुन्हा पुन्हा येईल: धडधड चालू असतानाचा ईसीजी मिळवा. शॉक द्यायचा, इंजेक्शन द्यायचं, रक्त पातळ करायची गोळी सुरू करायची की नुसतं सलाईन लावून ताप उतरवायचा, हे सगळं त्या एका कागदावर ठरतं.

आधी बघा: वेळ आहे की नाही

धडधडीबरोबर पुढचं काहीही असेल तर नाडी मोजत बसू नका, घरगुती उपाय करू नका: शुद्ध हरपली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत दाबल्यासारखं दुखतंय, बसल्या जागी दम लागतोय, अंग थंड आणि घामानं ओलं झालंय, बोलणं असंबद्ध झालंय, किंवा वरचं बीपी ९०च्या खाली आहे. ज्यांना आधी हार्ट ॲटॅक येऊन गेलाय, ज्यांच्या हृदयाचं पंपिंग कमी आहे असं टू-डी एकोत सांगितलंय, किंवा ज्यांच्या घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय, त्यांनी एवढी लक्षणं नसतानाही थेट हॉस्पिटल गाठावं. गरोदर बाईनंही.

१०८ला फोन करा. गाडी यायला वेळ लागणार असेल तर रिक्षा किंवा चारचाकी बघा. आपल्याकडची पद्धत म्हणजे पेशंटला मोटारसायकलवर मधे बसवायचं, मागून एकानं धरायचं आणि सात रस्त्याच्या दिशेनं सुटायचं. हे करू नका. अशा अवस्थेत माणूस चालत्या गाडीवर बेशुद्ध पडू शकतो. आणि स्वतः गाडी चालवत तर अजिबात जाऊ नका, मग तुम्हाला कितीही 'बरं वाटतंय' असं वाटो.

कुठं जायचं हे आजच ठरवून ठेवा. चोवीस तास डॉक्टर, मॉनिटर आणि शॉकचं मशीन, या तीन गोष्टी असलेली जवळची जागा. आपल्या सिव्हिलची, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाची कॅज्युअल्टी रात्रंदिवस उघडी असते. रात्री दोन वाजता बंद शटरपुढे उभं राहण्यापेक्षा तिथली गर्दी परवडते.

माणूस कोसळला, हाक मारून-हलवून उठत नाही, श्वास नाही किंवा नुसता घरघर लागल्यासारखा अधूनमधून येतोय, तर हृदय बंद पडलंय असं समजा. नाडी शोधण्यात वेळ घालवू नका. पाठीवर सपाट झोपवा, छातीच्या मध्यभागी तळहाताची टाच ठेवा, दुसरा हात त्यावर, कोपर ताठ, आणि मिनिटाला १०० ते १२० या वेगानं ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबत राहा. तोंडानं श्वास देता येत नसेल तर नुसतं दाबा. कांदा हुंगवणं, तोंडावर पाणी मारणं, तोंडात पाणी घालणं यातलं काही नाही. दमलात तर दुसऱ्याला हात द्या, पण थांबू नका. बरगडी मोडेल म्हणून लोक घाबरतात. मोडलीच तर ती नंतर जुळते.

नाडी: वेग आणि ताल

वरचं काही नसेल तर खाली बसा आणि नाडी बघा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला, पहिली दोन बोटं हलकी ठेवा. अंगठ्यानं बघू नका, त्याची स्वतःची नाडी लागते. ठोके एकसारखे असतील तर १५ सेकंद मोजून चारनं गुणा. वेडेवाकडे असतील तर पूर्ण मिनिट मोजा. वेग फारच असेल तर मनगटावर मोजणं चुकतं. अशा वेळी घरात बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असेल तर त्यावरचा नाडीचा आकडा बघा, पण तोही अनियमित ठोक्यांत कमी दाखवू शकतो, कारण कमजोर ठोके बोटापर्यंत पोचतच नाहीत.

मोठ्या माणसाचा बसलेला वेग ६० ते १०० असतो. १००च्या वर गेला की वेग जास्त. पण नुसत्या आकड्यापेक्षा मला तीन प्रश्नांची उत्तरं जास्त उपयोगी पडतात.

ती सुरू कशी झाली? बटण दाबल्यासारखी एका क्षणात, की जिना चढल्यावर वाढते तशी हळूहळू? थांबली कशी? आणि ठोके एकसारखे होते की कुठलाच ठोका दुसऱ्याला धरून नव्हता?

क्षणात सुरू, क्षणात बंद, एकसारखे ठोके, वेग १५० ते २५०च्या दरम्यान, गळ्यात काहीतरी उडतंय असं वाटणं आणि थांबल्यावर दोन-तीनदा भरपूर लघवी: हे वर्णन ऐकलं की एसव्हीटीची, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागात विजेचा संदेश अडकून येणाऱ्या धडधडीची, शंका घ्यायची. लघवीचा मुद्दा कुणी आपणहून सांगत नाही, विचारावा लागतो. 'डॉक्टर, बसल्या बसल्या छातीत माग सुरू झाल्यासारखं होतंय, आणि मधेच कुणीतरी स्विच काढल्यासारखं बंद,' असं एका अक्कांनी सांगितलं होतं. पुस्तकातलं वर्णन याहून चांगलं नाही.

हळूहळू चढलेला, हळूहळू उतरणारा, १०० ते १४०चा एकसारखा वेग म्हणजे बहुतेक वेळा हृदय निरोगी आहे आणि शरीरातल्या दुसऱ्या कशाला तरी उत्तर देतंय. इथं एक ढोबळ हिशेब कामाला येतो. २२० मधून वय वजा करा. हृदय आपल्या नेहमीच्या मार्गानं साधारण तेवढंच पळू शकतं. साठ वर्षांच्या माणसाचा हा आकडा १६० येतो. तो खुर्चीत बसून १८०ला असेल तर ती भीती नाही की ताप नाही, वायरिंगमधला बिघाड आहे.

हृदय पळतंय, पण दोष दुसरीकडे

सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ला जातो तेव्हा दवाखान्यात दिसणारी बरीचशी धडधड ही असते. पत्र्याच्या शेडमध्ये माग चालवणारा, दिवसभर चहावर असणारा, पाणी कमी पिणारा माणूस. शरीरातलं पाणी घटलं की प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमी होतं, म्हणून हृदय ठोके वाढवून भरपाई करतं. ताप असेल तर प्रत्येक अंश सेल्सिअसला साधारण दहा ठोके वाढतात. रक्त कमी असेल (आणि आपल्याकडच्या बायकांत ते फारच सर्रास कमी असतं), थायरॉईड वाढलेला असेल, कुठं रक्तस्राव होत असेल, जंतुसंसर्ग रक्तात पसरला असेल, फुप्फुसात रक्ताची गुठळी गेली असेल, तरी हेच होतं.

इथं उपचार वेगावर करायचा नसतो, कारणावर करायचा असतो. पाणी, ओआरएस, सलाईन, तापाचं औषध, लोहाची गोळी. ठोके कमी करायची गोळी देऊन आकडा गोंडस दिसेल, पण शरीर ज्याच्या जोरावर तग धरून होतं तेच काढून घेतल्यासारखं होईल. शेजारच्याची बीपीची गोळी घेऊन धडधड थांबवणारे लोक आहेत म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

वजन घटतंय, हात थरथरतात, थंडीतही पंखा लागतो, अशी धडधड असेल तर टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करा. थकवा, चेहरा फिकट, जिना चढताना धाप, तर हिमोग्लोबिन. पायाला एका बाजूला सूज, अलीकडे ऑपरेशन किंवा बाळंतपण झालेलं आणि अचानक दम, तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

औषधांची पिशवीही उलटी करून बघा. दम्याचा सालब्युटामॉलचा पंप, थिओफायलीनच्या गोळ्या, सर्दीच्या औषधातलं नाक मोकळं करणारं घटकद्रव्य, थायरॉईडच्या गोळीचा जास्त झालेला डोस, एनर्जी ड्रिंक. आणि मिश्री. सकाळी मिश्री लावल्यावर धडधडतं हे बायका डॉक्टरला सांगत नाहीत, कारण मिश्रीला तंबाखू म्हणून कुणी मोजतच नाही. निकोटीन हिरडीतूनही रक्तात जातं.

अचानक सुरू झालेली, एकसारखी धडधड: घरी काय करता येतं

एसव्हीटीमध्ये विजेचा संदेश हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या आसपास गोल फिरत राहतो. बहुतेकांत या गोलाचा एक भाग वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या एव्ही नोडमधून जातो. व्हेगस नावाची नस चेतवली की हा नोड क्षणभर मंदावतो आणि गोल तुटतो. त्यासाठीची एक रीत खरंच चांगली आहे. इंग्लंडमधल्या 'रिव्हर्ट' नावाच्या अभ्यासात, २०१५ साली, जुन्या पद्धतीनं जोर लावून १७ टक्के लोकांची धडधड थांबली, तर शेवटी पाय वर उचलण्याच्या सुधारित पद्धतीनं ४३ टक्के लोकांची. फुकटचा उपाय आणि एवढा फरक.

आधी डॉक्टरांनी 'तुम्हाला एसव्हीटी आहे, हे घरी करून चालेल' असं सांगितलेलं असावं, आणि धोक्याची वरची लक्षणं नसावीत. मग असं करा:

१. पलंगावर पाठीला उशा लावून अर्धवट बसा. शेजारी एक माणूस हवा.

२. मेडिकलमधून आणलेली १० मिलीची सुई नसलेली सिरिंज तोंडात धरून, आतला दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोरानं १५ सेकंद फुंका. फुप्फुस फुटेस्तोवर नाही, पण चेहरा लाल होईल एवढा जोर लागतोच.

३. फुंकणं संपताक्षणी शेजारच्यानं उशा काढून तुम्हाला सपाट झोपवायचं आणि दोन्ही पाय ४५ अंशांत उचलून १५ सेकंद धरायचे. खरी गंमत या पायरीत आहे, आणि लोक हीच गाळतात. एकट्यानं हे नीट जमत नाही.

४. पुन्हा अर्धवट बसा, ४५ सेकंद थांबा, नाडी बघा. थांबली नसेल तर आणखी एकदोनदा.

ज्यांचा डोळ्याचा पडदा नाजूक आहे, नुकतं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, हृदयाची झडप आकुंचित आहे किंवा पोटात बाळ आहे, त्यांनी फुंकायचं नाही. बर्फाच्या पाण्यात चेहरा बुडवण्याचा उपायही तरुणांत लागू पडतो. मात्र दोन गोष्टी कुणीही करू नयेत. डोळ्यांची बुबुळं दाबणं: पूर्वी सांगायचे, त्यानं डोळा जाऊ शकतो. आणि गळ्याची नस चोळणं: वयस्कर माणसाच्या नसेतला चरबीचा थर सुटून मेंदूत जाऊ शकतो, म्हणून ते काम डॉक्टरचं, तेही स्टेथोस्कोपनं नस ऐकून झाल्यावर.

तीन प्रयत्नांत थांबली नाही तर निघा. अजून एसव्हीटीचं निदानच झालेलं नसेल तर फुंकण्याच्या भानगडीत न पडता सरळ जवळच्या ईसीजी मशीनकडे जा, कारण पहिल्या वेळी धडधड थांबवण्यापेक्षा ती कागदावर पकडणं महत्त्वाचं. काउंटरवर 'धडधड' एवढंच म्हणू नका. 'आत्ता, या क्षणी चालू आहे, आधी ईसीजी काढा, केसपेपर नंतर' असं म्हणा. जरा आगाऊपणा वाटेल, वाटू द्या.

कागदावर काय दिसतं

ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. एक मोठा चौकोन म्हणजे ०.२ सेकंद. दोन उंच टोकांमध्ये किती मोठे चौकोन आहेत ते मोजा आणि त्या आकड्यानं ३०० ला भागा: दोन असतील तर वेग १५०, दीड असेल तर २००. ठोके अनियमित असतील तर ३० मोठ्या चौकोनांतली टोकं मोजून दहानं गुणा.

मग बघायचं ते टोक अरुंद आहे की रुंद. तीन छोट्या चौकोनांपेक्षा, म्हणजे ०.१२ सेकंदापेक्षा, अरुंद असेल तर संदेश वरून नेहमीच्या वाटेनं खाली येतोय. रुंद असेल तर गोष्ट बदलते, त्याकडे पुढे येतो. अरुंद आणि एकसारखं: एसव्हीटी, किंवा साधा वाढलेला वेग, किंवा फ्लटर. वेग काही केल्या १५०च्या आसपास अडून राहिला असेल तर फ्लटर आहे का हे मुद्दाम शोधावं लागतं, कारण फ्लटरमध्ये वरचा कप्पा मिनिटाला सुमारे ३०० वेळा फडफडतो आणि दर दोनातला एकच संदेश खाली पोचतो. अरुंद आणि पूर्ण वेडेवाकडे ठोके: बहुतेक वेळा एट्रियल फिब्रिलेशन, एएफ.

हे सगळं डॉक्टर बघतीलच. तुम्ही त्या कागदाचा मोबाईलवर उजेडात, सपाट ठेवून फोटो काढायचा, बाराही लीड (हृदयाच्या बारा बाजूंच्या नोंदी) दिसतील असा. ईसीजीची शाई काही वर्षांत उडते, फोटो राहतो.

ॲडेनोसिनची वीस सेकंदं

एसव्हीटी फुंकून थांबली नाही की ॲडेनोसिन हे इंजेक्शन देतात. ते रक्तात दहा सेकंदही पूर्ण टिकत नाही, म्हणून देण्याची पद्धत म्हणजेच अर्धं औषध. कोपराच्या खोबणीतली मोठी शीर, त्यात जाडसर सुई. एक सिस्टर ६ मिलिग्रॅमची छोटी सिरिंज घेऊन, दुसरी २० मिली सलाईनची मोठी सिरिंज घेऊन. एक, दोन, तीन, पहिली एका झटक्यात आत, तिच्या पाठोपाठ दुसरी, आणि हात वर. मॉनिटरवर सगळ्यांचे डोळे. पेशंटचा चेहरा लालबुंद होतो, तो छाती धरतो, 'मी चाललो' असं म्हणतो. पडद्यावरची रेघ दोन-चार सेकंद जवळजवळ सपाट होते. नातेवाईक दारात असतील तर ते किंचाळतात. मग एक ठोका, एक मोकळी जागा, दुसरा ठोका, आणि ७८, ८०, ८२. पेशंट विचारतो, 'झालं?'

म्हणून हे इंजेक्शन देण्याआधी पेशंटला सांगायलाच हवं की दहा-पंधरा सेकंद मरतोय असं वाटेल आणि ते जाईल. जे डॉक्टर हे सांगत नाहीत त्यांचे पेशंट पुढच्या वेळी हॉस्पिटलात यायलाच तयार होत नाहीत. पहिल्या डोसनं झालं नाही तर १२ मिलिग्रॅम देतात. दमा असेल तर आधी सांगा, मग व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेमसारखं दुसरं औषध निवडतात. थिओफायलीन चालू असेल किंवा नुकताच कडक चहा-कॉफी झाला असेल तर ॲडेनोसिनचा जोर कमी पडतो. इंजेक्शन देताना ईसीजीची पट्टी चालू ठेवायला सांगा. धडधड थांबते कशी, यातूनही निदान होतं. फ्लटर असेल तर ती थांबत नाही, पण क्षणभर मंदावल्यावर खालची फडफड उघडी पडते.

बीपी पडलंय, शुद्ध हरपतेय, अशा वेळी इंजेक्शनांची वाट न बघता भूल देऊन, ठोक्याशी जुळवून शॉक देतात. शॉक शब्दाला घाबरून सही करायला तासभर घेऊ नका. वेळेत दिलेला शॉक हा या सगळ्यातला सर्वांत खात्रीचा उपचार आहे.

एएफ: धडधड कमी, लकव्याची भीती जास्त

एएफमध्ये वरचे कप्पे आकसत नाहीत, नुसते थरथरतात. रक्त कोपऱ्यात साचतं, गुठळी होते, ती मेंदूत जाते. एएफ असलेल्या माणसाला लकव्याचा धोका साधारण पाचपट असतो, आणि अनेकांना धडधड जाणवतही नाही. बीपीच्या डिजिटल मशीनवर हृदयाचं किंवा अनियमित ठोक्याचं चिन्ह वारंवार येत असेल, तर मशीन बिघडलं म्हणून बदलण्याआधी एक ईसीजी काढा.

इथं दोन वेगळी कामं असतात, लोक ती एकच समजतात. एक, वेग आवरणं: मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, कधी डिगॉक्सिन. दोन, रक्त पातळ ठेवणं. वेग उतरला, बरं वाटलं, म्हणून दुसरी गोळी बंद करायची नाही. वय ६५च्या वर, बीपी, शुगर, हृदयाची कमजोरी, आधी येऊन गेलेला लकवा, रक्तवाहिन्यांचा आजार, यांची बेरीज करून ती गोळी कुणाला लागते ते ठरतं. तिच्या जागी ॲस्पिरिन चालत नाही.

आपल्याकडे एक गोष्ट वेगळी आहे. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन हृदयाची झडप आकसलेले रुग्ण ग्रामीण भागात अजून दिसतात. अशा एएफमध्ये नवीन, महाग, तपासणी न लागणाऱ्या गोळ्या चालतील का, हे बघायला झालेल्या 'इन्व्हिक्टस' अभ्यासात भारतातलेही रुग्ण होते. २०२२च्या निकालात रिव्हारोक्साबॅनपेक्षा जुनी वॉरफारिनच्या जातीची गोळीच सरस ठरली. त्यामुळे झडप आकसलेली असेल तर 'चांगली महागडी गोळी लिहून द्या' असा आग्रह धरू नका. जुन्या गोळीवर आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) २ ते ३च्या मधे ठेवावा लागतो, त्यासाठी नियमित रक्त तपासावं लागतं. पालेभाज्या बंद करायची गरज नाही. मेथी, शेपू, अंबाडी, पालक रोज साधारण सारख्या प्रमाणात खा. आठवडाभर भाजी नाही आणि मग हुरडा पार्टीला गेल्यासारखी पालेभाजी, असं केलं की आयएनआर हेलकावे खातो. अंगदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर घेणं मात्र पूर्ण बंद, त्यानं पोटात रक्तस्राव होतो.

एएफ ४८ तासांहून जुना असेल किंवा कधी सुरू झाला ते माहीत नसेल, तर घाईनं तालावर आणायचं नसतं. जमलेली गुठळी सुटते. आधी तीन आठवडे रक्त पातळ करतात, किंवा घशातून नळी घालून एको करून गुठळी नाही हे बघतात. शॉक दिल्यावरही निदान चार आठवडे गोळी चालू राहते. जीव धोक्यात असेल तर हा नियम बाजूला ठेवतात. म्हणून 'कधी सुरू झालं?' या प्रश्नाला 'परवापासून असेल' असं अंदाजे उत्तर देऊ नका. नक्की माहीत नसेल तर तसंच सांगा.

रुंद ठोके

वेग जास्त आणि कागदावरची टोकं रुंद, विशेषतः आधी हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या माणसात: दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ती व्हीटीच. हृदयाच्या जुन्या जखमेच्या कडेनं खालच्या कप्प्यातच विजेचा गोल सुरू झालेला असतो. पेशंट बसून बोलतोय, बीपी चांगलं आहे, म्हणून ती व्हीटी नसेल असा निष्कर्ष काढता येत नाही. व्हीटी असलेला माणूस चालत दवाखान्यात येऊ शकतो आणि अर्ध्या तासात कोसळूही शकतो.

या धडधडीला व्हेरापामिल देणं जिवावर बेतू शकतं. मॉनिटर लावून ॲमिओडॅरोन शिरेतून देतात, किंवा शॉक. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम लगेच तपासतात. जुलाब झालेले, लघवीची गोळी चालू असलेले, उन्हाळ्यात घामानं पिळून निघालेले रुग्ण यात जास्त सापडतात. पुढे अँजिओग्राफी, एको, आणि, विशेषतः पंपिंग ३५ टक्के किंवा त्याहून कमी राहिलं तर, छातीत कायमचं शॉकचं यंत्र, आयसीडी, बसवायचा विचार. लहान दवाखान्यात असताना डॉक्टर 'पुढे हलवा' म्हणाले तर मॉनिटर असलेल्या ॲम्ब्युलन्समधूनच हलवा.

रुंद, वेडेवाकडे आणि २००च्या वर असा कागद तरुण माणसात दिसला तर जन्मजात जादा तार असलेला डब्ल्यूपीडब्ल्यू आणि त्यावर एएफ ही शक्यता असते. त्यात ॲडेनोसिन, व्हेरापामिल, डिगॉक्सिन तिन्ही धोक्याची. हे वाचकाला लक्षात ठेवायची गरज नाही. पण ज्याला डब्ल्यूपीडब्ल्यू सांगितलंय त्यानं तो शब्द चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवावा.

पकडलीच जात नसेल तर

रोज धडधडत असेल तर चोवीस तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणारं मशीन, पुरतं. महिन्यातून एकदा होत असेल तर चोवीस तासांच्या होल्टरवर पैसे घालवण्यात फारसा अर्थ नाही, जास्त दिवसांचं मशीन किंवा ईसीजी काढणारं घड्याळ बरं. घड्याळाचा ईसीजी एका लीडचा असतो, पण धडधड चालू असतानाची तीस सेकंदं मिळाली तरी तज्ज्ञाला पुष्कळ कळतं. सोबत वहीत तारीख, काय करत होतात, किती वेळ, कसं थांबलं हे लिहा.

गोळ्या आणि सोलापूरचं वर्षाचं वेळापत्रक

मेटोप्रोलॉलसारखी गोळी अचानक सोडली की धडधड उसळून येते. नवरात्रात नऊ दिवस उपवास म्हणून गोळ्याही बंद करणारे रुग्ण आहेत. देवीला गोळीचं वावडं नाही. कोजागरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांनी, आणि आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्यांनी, डोस बरोबर घ्यावा, ओआरएसची पाकिटं घ्यावीत, आणि जोडीदाराला आजार माहीत असावा. एएफ किंवा कमजोर हृदय असेल तर अनवाणी ४५ किलोमीटर चालायच्या आधी डॉक्टरांना विचारा. गड्ड्याच्या यात्रेतल्या गर्दीत धडधड सुरू झाली तर गर्दीतून कडेला या, उभे राहू नका, बसा.

ॲमिओडॅरोन चालू असेल तर ऊन टाळायलाच लागतं. त्वचा भाजल्यासारखी काळवंडते, आणि सोलापूरच्या उन्हात ते फार लवकर होतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, रुमाल. दर सहा महिन्यांनी थायरॉईड आणि लिव्हरची तपासणी, नवीन खोकला किंवा दम लागला तर लगेच फुप्फुसांची.

कायमचा उपाय

एसव्हीटी वारंवार येत असेल तर आयुष्यभर गोळ्या खाण्यापेक्षा ॲब्लेशनचा विचार करा, असं माझं स्पष्ट मत आहे. जांघेतल्या शिरेतून तार हृदयापर्यंत नेतात, विजेचा चुकीचा रस्ता शोधतात आणि रेडिओलहरींच्या उष्णतेनं तेवढाच बिंदू निकामी करतात. छाती उघडत नाहीत. नेहमीच्या प्रकारच्या एसव्हीटीत यश ९५ टक्क्यांच्या वर असतं. नोडला इजा होऊन पेसमेकर लागण्याचा धोका शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी. तो धोका आहे, आणि तो विचारून घ्यावा. एएफ आणि व्हीटीतही ॲब्लेशन करतात, पण तिथं यशाचे आकडे इतके गुलाबी नाहीत.

हे काम सतत करणाऱ्या इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्टकडेच, म्हणजे हृदयाच्या विजेच्या तज्ज्ञाकडेच, जा. त्यासाठी आपल्याकडची माणसं पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमची प्रक्रिया बसते का, हे अंगीकृत हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधी फोनवर विचारा, रेशन कार्ड आणि आधार जवळ ठेवा. धडधडीच्या वेळचे ईसीजी, एकोचा रिपोर्ट आणि सध्याच्या गोळ्यांची यादी एका फाइलमध्ये घ्या. धडधडीच्या गोळ्या काही दिवस आधी बंद करायला सांगतात, म्हणजे प्रक्रियेत ती धडधड मुद्दाम सुरू करून बघता येते. कुठली, किती दिवस, हे तेच डॉक्टर ठरवतील. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःहून एक दिवसही थांबवायची नाही.

प्रक्रियेनंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावं लागतं. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी घरी येतात. परतीचा प्रवास रेल्वेनं बरा, कारण मधूनमधून उठून चालता येतं. जांघेतून रक्त आलं किंवा गाठ वाढायला लागली तर त्या जागेवर बोटांनी दाबून धरा आणि तसंच हॉस्पिटलला जा. आठवडाभर जड उचलायचं नाही. मागावर काम करणाऱ्यांनी मालकाला आधीच सांगून ठेवावं, म्हणजे बीम चढवायला आठ-दहा दिवस दुसरा माणूस बघता येईल.